फॉरमॅट मारण्याआधी सासूबाईंचा आवाज बाहेर काढा

वाचकाचं पत्र:

"मी जुळे सोलापुरात राहते. घरून शेंगा चटणी आणि कडक भाकरीच्या ऑर्डरी घेते. पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं सगळी व्हॉट्सॲपवर. फोन अँड्रॉइड, ६४ जीबीचा, तीन वर्षांपूर्वी घेतलेला. महिनाभर 'स्टोरेज फुल' असा निरोप येतोय. फोटो निघत नाही, गिऱ्हाइकानं पाठवलेला पत्त्याचा फोटो उघडत नाही, फोन सारखा अडकतो. भाचीनं गूगल फोटोजमधून दोनेकशे फोटो उडवले, तरी जागा तेवढीच. नवी पेठेतला दुकानदार म्हणतो, 'ठेवून जा, फॉरमॅट मारतो, नव्यासारखा होईल.' शेजारचे म्हणतात, १२८ जीबीचं कार्ड घाला. माझी खरी भीती वेगळी आहे. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. त्यांनी चटणीचं प्रमाण, तिखट किती, शेंगदाणे किती भाजायचे, सगळं व्हॉइस मेसेजमध्ये बोलून पाठवलं होतं. ते फक्त याच फोनमध्ये आहे. ते जाणार नाही ना? आणि एक. अनोळखी नंबरवरून 'लग्नपत्रिका' नावाची फाइल आली होती, जागा नव्हती म्हणून उतरली नाही. जागा झाल्यावर उघडू का?"

ताई,

फॉरमॅट आज मारू नका. दुकानदाराला चार दिवस थांबायला सांगा. फॉरमॅट मारला की फोनमधलं सगळं जातं आणि ते परत आणायचा साधा मार्ग राहत नाही. शिवाय बहुतेक वेळा त्याची गरजही नसते. तुमच्या फोनचा त्रास बिघाडाचा नाही, भरून ओसंडल्याचा दिसतो. लग्नपत्रिकेचं उत्तर एका शब्दात: नाही. त्याचं कारण पुढे सांगतो. आधी दोन कामं, आजच्या आज.

पहिलं काम भाचीनं उडवलेल्या फोटोंचं. गूगल फोटोजमधून पुसलेला फोटो लगेच जात नाही, आधी 'बिन'मध्ये पडतो. त्याचा बॅकअप झालेला असेल तर तो तिथे ६० दिवस राहतो, झालेला नसेल तर ३० दिवस. मग कायमचा जातो. दोनशे फोटो उडवूनही जागा का सुटली नाही, याचंही हे एक कारण आहे. गूगल फोटोज उघडा, खाली 'कलेक्शन्स' दाबा, जुन्या आवृत्तीत तिथेच 'लायब्ररी' लिहिलेलं असतं, आणि 'बिन'मध्ये जा. सगळे फोटो एकदा डोळ्यांखालून घाला. हवा असलेला फोटो दाबून धरा आणि 'रिस्टोअर' करा. 'एम्प्टी बिन' हे बटण मात्र अजून दाबायचं नाही.

दुसरं काम सासूबाईंच्या आवाजाचं. इथे बहुतेकांची गफलत होते. लोकांना वाटतं, गूगल फोटोज चालू आहे म्हणजे सगळं सुरक्षित. गूगल फोटोज फक्त फोटो आणि व्हिडिओ घेतं. व्हॉइस मेसेज ही आवाजाची फाइल असते, तिला ते हातही लावत नाही. व्हॉट्सॲपचा स्वतःचा बॅकअप व्हॉइस मेसेज घेतो, पण तो गाठोडं बांधून ठेवल्यासारखा असतो. तो सोडवता येतो फक्त व्हॉट्सॲपमध्ये, त्याच नंबरवर आणि त्याच गूगल खात्यावर. मधूनच एखादी फाइल काढून ऐकता येत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो आजच्या चॅटचं प्रतिबिंब असतो, जुन्या गोष्टींचा साठा नसतो. आज एखादा मेसेज चुकून पुसला गेला, तर पुढच्या बॅकअपमध्ये तो नसेल, आणि नवा बॅकअप जुन्याच्या जागी बसतो.

म्हणून ते मेसेज वेगळ्या फाइली करून बाहेर ठेवा. सासूबाईंचं चॅट उघडा. पहिला व्हॉइस मेसेज दाबून धरा, मग बाकीच्यांवर एकेक टिचकी मारा. वरच्या तीन ठिपक्यांत 'शेअर' आहे, ते दाबा आणि 'ड्राइव्ह' निवडा. ड्राइव्हमध्ये 'आई - चटणी' असं फोल्डर करून त्यात ठेवा. एकदम पन्नास निवडू नका, नेट मधे तुटलं की कुठलं गेलं आणि कुठलं राहिलं ते कळत नाही. दहा-दहाच्या खेपा करा. व्हॉइस मेसेजच्या फाइली अगदी लहान असतात, तुमच्या एका फोटोच्या जागेत कित्येक मिनिटांचं बोलणं मावतं. त्यामुळे डेटा संपेल ही धास्ती नको.

एखादा मेसेज चॅटमध्ये दिसत नसेल, कारण चॅट आधीच साफ झालं असेल, तरी फाइल फोनमध्ये पडलेली असू शकते. 'फाइल्स' ॲपमध्ये इंटर्नल स्टोरेज उघडा. तिथून अँड्रॉइड, मग मीडिया, मग कॉम.व्हॉट्सॲप, मग व्हॉट्सॲप, पुन्हा मीडिया, आणि शेवटी 'व्हॉट्सॲप व्हॉइस नोट्स' असं जा. आत वर्ष आणि आठवड्याचे आकडे असलेली बरीच फोल्डरं दिसतील. फाइलीचं नाव 'पीटीटी' या तीन अक्षरांनी सुरू होतं, त्यापुढे आठ आकडे असतात: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. म्हणजे २०२४०३१२ दिसलं तर तो १२ मार्च २०२४ चा निरोप. कोणाचा आवाज ते नावावरून कळत नाही, पण तारखेवरून शोध बराच सोपा होतो. संक्रांतीच्या आसपास त्या चटणीबद्दल बोलल्या होत्या असं आठवत असेल, तर थेट जानेवारीतल्या फाइली ऐका.

ड्राइव्हवर चढवून झालं की दुसऱ्याच्या फोनवर, यजमानांच्या किंवा भाचीच्या, तुमच्या खात्यानं ड्राइव्ह उघडा आणि त्यातली एक फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका. दुसऱ्या फोनवर वाजली, तरच नक्कल झाली असं धरायचं. वाजली नाही तर घाबरू नका. या फाइलीचा प्रकार 'ओपस' आहे, काही प्लेअरना तो उमगत नाही. व्हीएलसी हे फुकट ॲप तो वाजवतं. शेवटी याच फाइली एका पेनड्राइव्हवरही घेऊन ठेवा. नुसतं नातेवाइकांना फॉरवर्ड करून भागत नाही. त्यांचेही फोन भरतात आणि तेही साफ करतात.

आता जागेकडे वळू.

६४ जीबीमधली बारा-पंधरा जीबी तरी अँड्रॉइड आणि कंपनीची ॲप्स आधीच अडवून बसतात. उरलेल्या पन्नासाच्या आसपास जागेत तीन वर्षांचे फोटो, व्हिडिओ आणि व्हॉट्सॲप. फोन अडकतो त्याचं कारण असं की आतल्या चिपला जुन्यावर थेट नवं लिहिता येत नाही. आधी एखादा कप्पा पूर्ण पुसावा लागतो, मग त्यात लिहायचं. मोकळे कप्पे असले की काम झटपट होतं. नसले की चिप इकडचं तिकडे हलवत बसते, आणि तेवढा वेळ स्क्रीन गोठते. ॲप अपडेट व्हायलाही तात्पुरती मोकळी जागा लागते. म्हणून दहा टक्के, म्हणजे तुमच्या फोनमध्ये सहा जीबी, कायम रिकामी राहील असं बघा. चारशे-पाचशे एमबी मोकळे करून दोन दिवस बरं वाटेल, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

जागा कोणी खाल्ली ते अंदाजानं ठरवू नका. सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज' उघडा, फोटो किती, व्हिडिओ किती, ॲप्स किती ते तिथे लिहिलेलं असतं. बहुतेक जण तासन्‌तास बसून 'शुभ सकाळ'चे फोटो पुसतात. हिशेब मांडून बघा. व्हॉट्सॲपवर आलेला तसा फोटो साधारण दीडशे केबीचा. असे हजार पुसले तरी सुटतात दीडशे एमबी. उलट तुमच्या कॅमेऱ्यानं काढलेला नेहमीच्या दर्जाचा व्हिडिओ मिनिटाला शंभर ते दीडशे एमबी खातो. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, वेळी अक्षता सोहळ्याचा दहा मिनिटांचा एक व्हिडिओ काढला असेल, तर तो एकटाच सव्वा जीबीच्या घरात जातो, म्हणजे शुभ सकाळचे आठ हजारांहून जास्त फोटो. तेव्हा हात आधी व्हिडिओंना घाला. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ४के निवडलेलं असेल तर ते १०८० वर आणा. ४के त्याच्या दुप्पट-तिप्पट जागा घेतं आणि फोनच्या पडद्यावर फरक कळतही नाही.

पण व्हिडिओ पुसायच्या आधी त्यांची नक्कल. आपल्या सोलापुरात पाणी आलं की कोणी जुनं पिंप आधी ओतून देत नाही. नवं भरतं, मग जुन्याचं पाणी झाडांना जातं. इथेही तोच क्रम ठेवा.

गूगल फोटोजमध्ये वर उजवीकडे तुमच्या खात्याचा गोल असतो, तो दाबा. 'बॅकअप कंप्लीट' दिसलं तर कॅमेऱ्यातले फोटो चढलेत. 'टर्न ऑन बॅकअप' दिसलं तर बॅकअप सध्या बंद आहे, नवे फोटो चढत नाहीत. चालू करताना दर्जा विचारला तर 'स्टोरेज सेव्हर' घ्या, घरच्या फोटोंना तो पुरतो. मग तिथल्याच सेटिंग्जमध्ये 'बॅकअप' आणि त्यात 'बॅकअप डिव्हाइस फोल्डर्स' उघडा. तिथे 'व्हॉट्सॲप इमेजेस' आणि 'व्हॉट्सॲप व्हिडिओ' ही फोल्डरं वेगळी चालू करावी लागतात. आपोआप फक्त कॅमेऱ्याचं फोल्डर जातं. नातेवाइकांनी पाठवलेले सासूबाईंचे फोटो व्हॉट्सॲपच्या फोल्डरात असतील आणि हे बटण बंद असेल, तर त्यांची कुठेही नक्कल नाही. व्हॉट्सॲपचं फोल्डर चालू केलं की शुभ सकाळही वर चढेल, हे खरं. म्हणून नको ते ग्रुप आधी साफ करून मगच चालू करा, ते कसं ते खाली आहे.

गूगलची फुकट जागा १५ जीबी आणि ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज तिघांत मिळून. १ जून २०२१ पासून चढवलेला प्रत्येक फोटो त्यात मोजला जातो. आता अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्याच १५ जीबीत बसतो. ही जागा भरली की फोटो चढायचे थांबतात आणि जीमेलवर नवी मेलही येत नाही. बँकेची मेल येईना म्हणून लोक बँकेत हेलपाटे घालतात आणि कारण इथे असतं. म्हणून मोठे व्हिडिओ गूगलवर न चढवता पेनड्राइव्हवर किंवा भाचीच्या लॅपटॉपवर घ्या.

लॅपटॉपची रीत सोपी आहे. चार्जिंगच्या केबलनं फोन जोडा, फोनवर वरून पडदा खाली ओढा, 'चार्जिंग धिस डिव्हाइस व्हाया यूएसबी' असं काहीतरी दिसेल, ते दाबून 'फाइल ट्रान्सफर' निवडा. मग लॅपटॉपवर फोनचं 'डीसीआयएम' फोल्डर, ज्यात कॅमेऱ्याचे फोटो-व्हिडिओ असतात, आणि वर सांगितलेलं व्हॉट्सॲपचं 'मीडिया' फोल्डर कॉपी करा. कॉपीच, कट नाही. कट करताना केबल हलली की काही फाइली इकडेही नसतात आणि तिकडेही धड पोचलेल्या नसतात. तीसेक जीबीला अर्धा ते एक तास लागेल. काही केबली फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून फाइली जातच नाहीत. फोन चार्ज होतोय पण 'फाइल ट्रान्सफर' दिसत नाही, तर आधी केबल बदलून बघा. झालं की लॅपटॉपवर पाच-सहा व्हिडिओ मधूनमधून चालवून बघा.

फोटो वर चढायला वायफाय लागेल. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर कित्येक दिवस जातील. रात्री चार्जिंगला लावून ठेवा, बॅटरी सेव्हर बंद करा, नाहीतर फोन झोपला की चढणंही थांबतं. आणि एप्रिल-मे असेल तर फोन कुठे ठेवता त्याकडे लक्ष द्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात चार्जिंग आणि अपलोड एकदम चालू असले की फोन तापतो, तापला की स्वतःच चार्जिंग मंदावतो आणि बॅटरीचं आयुष्यही झिजतं. कव्हर काढा आणि शहाबादी फरशीवर ठेवा. गादीवर, उशीखाली किंवा चुलीशेजारच्या ओट्यावर नको.

नक्कल पक्की झाली, दुसऱ्या फोनवर बघूनही झाली. आता पुसायचं.

फोटो हातानं निवडून डिलीट करू नका. गूगल फोटोजमध्ये तुम्ही एखादा फोटो डिलीट केला की तो फोनमधून जातो आणि गूगलवरूनही जातो. दोन्ही ठिकाणी एकच फोटो आहे असं ते ॲप मानतं. 'फोनमधला पुसला, वर तर आहेच' असं म्हणत हजारो फोटो घालवलेली माणसं गावोगाव आहेत. खात्याच्या गोलात 'फ्री अप स्पेस' असं बटण आहे, तेच वापरा. जे वर सुखरूप चढलंय तेवढंच ते फोनमधून काढतं आणि वरची प्रत तशीच ठेवतं. त्यानंतर ते फोटो बघायला नेट लागेल, एवढाच फरक. व्हॉट्सॲपचे फोटो त्यात गेले तर जुन्या चॅटमध्ये ते धूसर दिसतील. गिऱ्हाइकाचं लिहिलेलं बोलणं, पत्ता आणि हिशेब जागच्या जागी राहतं.

मग व्हॉट्सॲप. सेटिंग्ज, 'स्टोरेज अँड डेटा', 'मॅनेज स्टोरेज'. वर दोन ढीग दिसतील: पाच एमबीहून मोठ्या फाइली आणि पुष्कळदा फॉरवर्ड झालेलं. दुसरा ढीग डोळे झाकून उडवला तरी चालतो. पहिल्यात एकदा बघून घ्या, त्यात एखादा घरचा व्हिडिओ असू शकतो. खाली चॅटची यादी असते, सगळ्यात जास्त खाणारं सगळ्यात वर. बहुधा तिथे तुमच्या गल्लीचा नाहीतर भिशीचा ग्रुप सापडेल. सासूबाईंच्या चॅटमध्ये मात्र जाऊच नका, आणि तिथले महत्त्वाचे मेसेज आधीच तारांकित करून ठेवा. पुढे कधी चुकून 'क्लिअर चॅट' दाबलं, तरी 'तारांकित मेसेजही पुसा' ही खूण काढलेली असली की ते वाचतात.

पुन्हा भरू नये म्हणून त्याच 'स्टोरेज अँड डेटा'त 'मीडिया ऑटो डाउनलोड' बघा. मोबाइल डेटा आणि वायफाय दोन्हींत फक्त 'फोटो' ठेवा, व्हिडिओ आणि डॉक्युमेंट्सची खूण काढा. गिऱ्हाइकाचा पत्ता फोटोत येतो, तो आपोआप उतरेल. पाणी किती वाजता सुटणार एवढं विचारायला असलेल्या ग्रुपवर दिवसभर येणारे व्हिडिओ तुम्ही दाबल्याशिवाय उतरणार नाहीत. व्हॉइस मेसेज मात्र नेहमी आपोआपच उतरतात, ते थांबवता येत नाही.

तुमच्या धंद्यामुळे आणखी एक साठा होत असतो, जो गॅलरीत दिसत नाही. तुम्ही चटणीच्या डब्याचा फोटो गॅलरीतून गिऱ्हाइकाला पाठवता, तेव्हा व्हॉट्सॲप त्याची एक वेगळी प्रत 'सेंट' नावाच्या फोल्डरात ठेवतं. वर सांगितलेल्या 'मीडिया' फोल्डरात 'व्हॉट्सॲप इमेजेस' आणि त्याच्या आत 'सेंट' आहे, ते बघा. तीन वर्षांच्या दरपत्रकांचा आणि डब्यांच्या फोटोंचा ढीग तिथे असेल. नक्कल झाली असेल तर तो खुशाल काढा. रोज तोच फोटो पाठवायचा असेल तर 'व्हॉट्सॲप बिझनेस' या फुकट ॲपमध्ये कॅटलॉग करता येतो: पावकिलो, अर्धा किलो, भाकरीचं पाकीट, भावासकट. गिऱ्हाइकाला नुसती त्याची लिंक जाते. 'पैसे आले', 'कुरिअर केलं' अशी लेबलंही चॅटला लावता येतात. पण ही अदलाबदल सगळी आवराआवर संपल्यावर करा, एका वेळी एकच हालचाल.

उरलेल्या ॲप्ससाठी सेटिंग्जमध्ये 'ॲप्स' उघडा, ॲप निवडा, 'स्टोरेज'मध्ये जा. तिथे दोन बटणं शेजारी असतात: 'क्लिअर कॅशे' आणि 'क्लिअर डेटा', काही फोनवर 'क्लिअर स्टोरेज'. कॅशे म्हणजे ॲपनं स्वतःच्या सोयीसाठी साठवलेलं, ते गेलं तर काही बिघडत नाही. 'क्लिअर डेटा' म्हणजे ॲप कोरं करणं. व्हॉट्सॲपवर ते दाबलं तर चॅट गेलं. त्यामुळे व्हॉट्सॲपच्या या पानावर जाऊच नका. यूट्यूब, फेसबुक, इन्स्टाग्राम यांची कॅशे काढा, तेवढ्यात एक-दोन जीबी सहज सुटते. 'फोन साफ करतो' म्हणणारी क्लीनर ॲप्स घेऊ नका. ती करतात ते काम सेटिंग्जमध्ये आहेच, वर जाहिराती आणि स्वतःची जागा.

कार्डाबद्दल. फोनला खाच असेल तर कॅमेऱ्याचे फोटो कार्डावर जातील, त्याचा उपयोग आहे. पण व्हॉट्सॲप आपलं सामान कार्डावर ठेवत नाही, म्हणून तुमचा मूळ त्रास त्यानं जाणार नाही. काही फोनमध्ये कार्ड आणि दुसरं सिम एकाच खाचेत, म्हणजे कार्ड घातलं की एक सिम बाहेर. रस्त्यावर स्वस्तात मिळणारी कार्डं तर घेऊच नका. वर १२८ लिहिलेलं असतं, आत जागा त्याहून खूप कमी. भरत जाताना काहीच कळत नाही, महिन्याभरानं फोटो उघडायला गेलं की अर्धे करडे. त्या पैशात टाइप-सी टोकाचा चांगल्या कंपनीचा पेनड्राइव्ह घ्या. फोनला थेट लागतो आणि कपाटात राहतो.

लग्नपत्रिकेचं आता. त्या फाइलीच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असेल. खरी पत्रिका फोटो असते, पीडीएफ असते, फार तर व्हिडिओ. एपीके म्हणजे ॲप. ते उघडलं की मेसेज वाचायची परवानगी मागतं, दिली की बँकेचा ओटीपी परस्पर दुसऱ्याच्या हाती. वर तीच पत्रिका तुमच्या नावानं तुमच्या सगळ्या गिऱ्हाइकांना जाते. आरटीओचं चलान, बँकेचं केवायसी, वीजबिल, अशा नावांनीही हेच येतं. तुमचा फोन भरलेला होता म्हणून ते उतरलं नाही, आता जागा होईल तेव्हा त्याआधीच तो मेसेज पुसा आणि नंबर ब्लॉक करा. सेटिंग्जमध्ये 'इन्स्टॉल अननोन ॲप्स' शोधून व्हॉट्सॲपपुढे 'नॉट अलाउड' आहे ना ते बघा. कोणी असं ॲप टाकूनच बसलं असेल, तर फोन लगेच एअरप्लेन मोडवर टाकावा, दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या सायबर मदत क्रमांकाला कळवावं. पहिले काही तास फार मोलाचे असतात, पैसे पुढे सरकायच्या आत अडवता येतात.

गिऱ्हाइकानं पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवला तर त्यावर डबा रवाना करू नका, असा स्क्रीनशॉट बनवता येतो. आपल्या खात्यात रक्कम आली का ते आपल्या ॲपमध्ये बघा. आणि पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही.

एवढं सगळं करून फोन रीस्टार्ट केला, सहा-आठ जीबी मोकळी झाली, आणि तरीही अडकतच असेल, तर फॉरमॅटचा विचार करायला हरकत नाही. पण त्याआधी चार गोष्टी.

तुमचं गूगल खातं कोणतं आणि त्याचा पासवर्ड काय, हे तुम्हाला ठाऊक हवं. फोन घेताना दुकानातच कोणीतरी जीमेल उघडून दिलेलं असतं आणि पासवर्ड नंतर कोणालाच आठवत नाही. मेन्यू न उघडता बटणं दाबून फॉरमॅट केलेला फोन पुन्हा सुरू होताना तेच जुनं खातं आणि पासवर्ड मागतो. चोराला फोन वापरता येऊ नये म्हणून ही सोय आहे, पण पासवर्ड विसरलेल्या मालकालाही ती तशीच अडवते. पासवर्ड आठवत नसेल तर फोन चालू आहे तोवरच, त्याच फोनवर 'फरगॉट पासवर्ड' करून नवा घ्या आणि वहीत लिहून ठेवा. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर तुमचाच आहे ना, तेही तपासा.

गिऱ्हाइकांचे नंबर कुठे साठलेत ते बघा. 'फोन'मध्ये साठवलेले नंबर फॉरमॅटमध्ये जातात, 'गूगल'मध्ये साठवलेले परत येतात. कॉन्टॅक्ट्स ॲपमध्ये 'फिक्स अँड मॅनेज' खाली 'एक्स्पोर्ट टू फाइल' आहे. एकच लहानशी फाइल तयार होते, ती ड्राइव्हवर ठेवा.

व्हॉट्सॲपचा बॅकअप हातानं घ्या: सेटिंग्ज, 'चॅट्स', 'चॅट बॅकअप', 'बॅक अप'. व्हिडिओंची खूण काढा, म्हणजे १५ जीबीत बसेल. झाल्यावर वर लिहिलेली वेळ आजची आहे ना ते वाचा. एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद, बॅकअपला पासवर्ड लावला असेल तर तो आठवतोय ना, हेही. तो विसरला तर व्हॉट्सॲपवालेही उघडून देऊ शकत नाहीत. पैशांची काळजी नको, यूपीआयमधले पैसे फोनमध्ये नसतात, बँकेत असतात. त्याच सिमवर ॲप पुन्हा टाकून नोंदणी केली की झालं.

आणि फॉरमॅट शक्यतो घरीच, भाचीच्या मदतीनं करा. सेटिंग्जमध्येच 'रीसेट' आहे, त्याला दुकान लागत नाही. दुसऱ्या कुठल्या दुरुस्तीसाठी दुकानात ठेवावाच लागला तर सिम काढून घ्या. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये 'मेंटेनन्स मोड' असतो, तो चालू केला की दुरुस्ती करणाऱ्याला तुमचे फोटो-मेसेज दिसत नाहीत.

फोन पुन्हा सुरू झाला की आधी तेच गूगल खातं घाला, मग व्हॉट्सॲप टाका आणि तोच नंबर द्या. 'बॅकअप सापडला, रिस्टोअर करायचा का' असं विचारलं जाईल. तिथे घाईत 'स्किप' दाबू नका. चुकून दाबलंच तर रात्रीचा नवा कोरा बॅकअप जुन्यावर चढायच्या आत व्हॉट्सॲप काढून लगेच पुन्हा टाका, म्हणजे तो प्रश्न पुन्हा विचारला जाईल.